मजकूर गहाळ नाही

आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस पराग घरी आला आणि म्हणाला, "राव, दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहून द्या." मी आधी खूप हसलो. पन्नास वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली, स्वतः कधी एक पोस्टकार्ड धड लिहिलं नाही. पण पोरगा हट्टाला पेटला. मग मलाही वाटलं, एक कबुली द्यायची आहे. मंडळाच्या सभेत ती तोंडी दिली, पण त्या सभेला होते मोजून अकरा जण. छापून आली तर बरी.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठे. आमचे कुणी खापरपणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणतात. घोडा गेला, तलवार गेली, मिशा तेवढ्या राहिल्या. घरात मराठी बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की महाराष्ट्रातून नोकरीला आलेली मंडळी ऐकताना भुवया वर करतात. करू देत. पराग, तू हे तपासशील तेव्हा माझ्या मराठीला जास्त इस्त्री करू नकोस.

बायंडिंगचं दुकान माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं. आता बन्नीमंटपला घराच्या पुढच्या खोलीत एक प्रेस, एक शिवणीची चौकट आणि मी, एवढंच उरलंय. काम समजायला सोपं आहे. छापखान्यातून मोठा कागद येतो, त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणायचं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक आकडा असतो. आकडे क्रमानं लावायचे, दोऱ्यानं शिवायचे, पाठीला खळ लावायची, तीन बाजू छाटायच्या, पुठ्ठा चढवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे झुरळं लागत नाहीत. झाली विद्या.

अप्पांचा एकच नियम होता. "आकडे बघायचे, अक्षरं बघायची नाहीत. वाचणारा बायंडर उपाशी मरतो." मी तो नियम पाळला. त्यामुळे हजारो पुस्तकं या हातांखालून गेली आणि डोकं मात्र कोरडं राहिलं.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नग! एक डॉक्टर होते, त्यांना सगळी पुस्तकं लाल रेक्झिनमध्येच लागायची, कारण दिवाणखान्यातला सोफा लाल. कडकोळच्या एका कारखान्याचे मॅनेजर होते, तोंडावर कधी हसू नाही. त्यांनी एक जाड वही आणली आणि म्हणाले, "वरून स्टोअरच्या रजिस्टरसारखी दिसली पाहिजे. काळं कापड, लाल कोपरे." पानांचे आकडे शोधायला मी वही उघडली तर आत कविता. बायकांच्या अक्षरातल्या. मी वर बघितलं. साहेबांचे कान लाल झाले होते. "मिसेसच्या आहेत," ते म्हणाले. "ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचतो. लोकांना कळायला नको." मी अस्सल रजिस्टर बनवून दिलं. त्या दिवसापासून तो माणूस मला कधी खडूस वाटला नाही.

आता मुख्य गोष्ट. लायब्ररीचं पुस्तक नव्यानं बांधताना आम्ही बायंडर लोक पहिल्यांदा काय करतो ठाऊक आहे? जुनं कव्हर फाडून टाकतो. पुढचं चित्र जातं आणि मागचा लेखकही जातो. मागच्या बाजूला त्याचा फोटो असतो, जन्म कुठला, नोकरी कसली, काय सोसलं, हे चार ओळींत असतं. ते सगळं रद्दीच्या पोत्यात. पुस्तक राहतं, माणूस जातो. मला त्यात कधी काही गैर वाटलं नाही. वरण खायचं तर डाळ कुणाच्या शेतातली हे कशाला विचारायचं, असा आपला हिशोब.

बारा-एक वर्षं झाली असतील. मंडळाच्या वाचनालयाला एका कुटुंबानं गावाकडे परत जाताना पोतंभर मराठी पुस्तकं दिली. बरीच खिळखिळी होती, म्हणून माझ्याकडे आली. त्यात एक पातळशी कादंबरी होती. नाव लिहीत नाही, एका बाईंनी लिहू नका म्हणून सांगितलंय, त्या पुढे येतीलच. मी सवयीनं कव्हर फाडलं, फर्मे सुटे केले, आकडे बघितले. सगळे होते. शिवायला घेतली, आणि का कोण जाणे, त्या दिवशी अक्षरांवर नजर गेली.

एक बाई नवऱ्याशी बोलतेय. "चहात साखर बेताची झाली का?" खाली एक ओळ कोरी. मग परत तीच बाई. "पाऊस येईल असं वाटतंय. खिडकी लावू?" खाली ओळ कोरी. पान उलटलं, तेच. दहा पानं उलटली, तेच. बाई विचारते आणि उत्तराच्या जागी कागद.

मला वाटलं, सापडलं! छापखान्यानं नवऱ्याची वाक्यंच खाल्ली. आकडे ओरडून सांगत होते की पुस्तक पूर्ण आहे. पण मी आयुष्यात पहिल्यांदा दहा पानं वाचली होती, त्यामुळे मला शहाणपण फुटलं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो, दुसरं काय! पुस्तक बांधलं आणि आतल्या पहिल्या पानावर माझ्या सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली. 'या प्रतीत मजकूर गहाळ आहे. बायंडर.' वाचनालयाच्या बाईंना ती चिठ्ठी मी कौतुकानं दाखवलीसुद्धा. त्या म्हणाल्या, "राव, किती बारीक लक्ष तुमचं!" मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात, अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या शेंगांच्या दिवसांत, एका सकाळी दारात रिक्षा थांबली. सत्तरीच्या पुढच्या एक बाई काठी टेकत उतरल्या. स्वच्छ सुती साडी, खांद्याला पिशवी. "बायंडर राव आपणच का? मी इथल्याच हेब्बाळहून आले. मुलगी तिथे कंपनीत आहे, तिच्याकडे राहते." बोलणं एकदम शुद्ध, मिरजेकडचं. मी खुर्ची दिली. माझी बायको सुभद्रा पाणी घेऊन आली.

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि विचारलं, "ही चिठ्ठी तुम्ही लावलीत?"

"हो!" मी छाती काढून म्हणालो. "अक्षर माझंच. छापखान्याची चूक आहे बाई. नवऱ्याची वाक्यंच नाहीत. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. त्या म्हणाल्या, "वाक्यं नव्हतीच हो. ते बोलत नव्हते."

मला काही कळेना.

"हे पुस्तक मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. आणि हे सांगताना त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

मंदाताई म्हणू त्यांना, खरं नाव वेगळं आहे. मिरजेला शाळेत शिक्षिका होत्या. नवऱ्याला ऐन पन्नाशीत अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. नऊ वर्षं ते खाटेवर होते. ऐकू सगळं यायचं, कळायचं सगळं. डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या लोखंडी दांड्यावर टक करायचे. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मंदाताई दिवसभर त्यांच्याशी बोलायच्या आणि दुपारी ते झोपले की बोललेलं वहीत उतरवायच्या. उत्तराला त्यांना जेवढा वेळ लागला असेल तेवढी जागा कोरी सोडायच्या. कधी एक ओळ, कधी अर्धं पान, कधी दोन पानं. ती वही म्हणजे ही कादंबरी.

"प्रकाशक म्हणाले, बाई, कोरा कागद कोण विकत घेईल? खूप भांडले मी. शेवटी सगळीकडे एकेक ओळ सोडायला ते तयार झाले. मागच्या कव्हरवर मात्र माझ्याबद्दल चार ओळी छापल्या, पतीची वाचा गेल्यावर हे लेखन झालं, असं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून. ते कव्हर कुठे गेलं राव?"

अय्यो! ते कव्हर कुठे गेलं हे या जगात एकच माणूस सांगू शकत होता, आणि तो खाली मान घालून बसला होता.

"मीच फाडलं," मी म्हणालो. "आमची पद्धतच आहे ती."

त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथे कुणी पुस्तक नेलं त्या तारखांचा कागद असतो. त्यावर एक तारीख होती, त्यांची स्वतःची. बारा वर्षांत एकानंही ते पुस्तक नेलं नव्हतं. गहाळ मजकुराचं पुस्तक कोण नेईल? त्यांना स्वतःलाही वाचनालयात सांगण्यात आलं, "आजी, ती प्रत अपूर्ण आहे, दुसरं काहीतरी घ्या ना."

आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. वाचनालयात जागा नाही म्हणून जुन्या, फाटक्या, अपूर्ण प्रती रद्दीत काढायची यादी झाली होती. येत्या रविवारच्या सभेत ती मंजूर व्हायची होती. यादीत हे पुस्तक होतं.

"तुमच्याकडे दुसरी प्रत असेल ना?" मी विचारलं.

"माझी प्रत मी त्यांच्याबरोबर दिली. चितेवर." अगदी सरळ आवाजात म्हणाल्या. "वहीसुद्धा. तेव्हा वाटलं, हे दोघांचं बोलणं, त्यांचा वाटा त्यांना जाऊ दे. प्रकाशकांनी धंदा बंद केला, उरलेल्या प्रती कुठे गेल्या ठाऊक नाही. नातेवाइकांना दिल्या होत्या, पण घरातलं बोलणं छापलं म्हणून ते रागावलेले, त्यांना विचारायची सोय नाही. इथे वाचनालयात दिसलं तेव्हा लगेच माझ्या नावावर घेतलं. आता ही एकच आहे."

"मग सभेत सांगा की, मी लेखिका म्हणून!"

"मी? मी उठून म्हणू, माझं पुस्तक टाकू नका?" त्या हसल्या. "नाही हो जमायचं. तुम्ही फक्त ती चिठ्ठी काढा. मग जे होईल ते होईल."

चिठ्ठी काढणं सोपं होतं. ओल्या फडक्यानं दोन मिनिटांत निघाली असती. पण नुसती चिठ्ठी काढून यादी थोडीच बदलणार होती? मी म्हणालो, "पुस्तक रविवारपर्यंत माझ्याकडे राहू द्या." त्यांनी ठेवलं, पण रिक्षात बसताना दोनदा वळून बघितलं. बाळ पाळणाघरात सोडून जाणाऱ्या आईसारखं.

त्या दुपारी मी अप्पांचा नियम मोडला. सुभद्रा अंगणाच्या पायरीवर अवरेकाळू सोलत बसली होती. मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायला लागलो. "चहात साखर बेताची झाली का?" आणि कोऱ्या ओळीवर थांबलो. खरं सांगतो, थांबणं मला जमत नाही. आमच्या घरात मी बोलतो आणि सुभद्रा ऐकते, चव्वेचाळीस वर्षं. पण इथे थांबायलाच लागत होतं. दोन-तीन वेळा थांबलो तशी सुभद्रा, हातातली शेंग न सोडता, म्हणाली, "हूं."

लहानपणी आजीची गोष्ट ऐकताना आपण हुंकार द्यायचो ना, तसा. आणि काय सांगू, ती कोरी ओळ जिवंत झाली. "आपली रेवा पास झाली हो. गणितात पंचाऐंशी." "हूं." "भाजीवाला तुमची चौकशी करत होता." "हूं." तीच पानं! बारा वर्षांपूर्वी मी ज्यात चूक शोधली होती, त्या पानांत आता खाटेवर एक माणूस होता. त्याचं बोट होतं, दांडा होता. बाई विनोद करायची तेव्हा तो मनात हसत असेल हे दिसत होतं. पुस्तकात एक अक्षर बदललं नव्हतं. मला फक्त बाईंची गोष्ट कळली होती.

मग ते पान आलं. "आज मी तुमच्यावर ओरडले. तुमच्यामुळे माझं आयुष्य गेलं म्हणाले. ऐकलंत ना?" कोरी ओळ. "मला माफ केलंत?" कोरी ओळ.

सुभद्राचा हुंकार आला नाही. मी बघितलं तर ती पदरानं डोळे पुसत होती. "री," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका नवऱ्याला कन्नड पद्धतीनं 'री' म्हणूनच हाक मारतात. "री, तुम्ही चिठ्ठी लावली तेव्हा दोनदा सांगितलंत मला. मी कौतुक केलं. माझीपण चूक आहे त्यात."

रविवारी सभेला गेलो. परागनं लॅपटॉपवर यादी वाचायला घेतली. पोरगा सज्जन आहे, पण घाईतला. "अपूर्ण प्रती, सतरा. हरकत नसावी?" मी उठलो. आयुष्यात कधी 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही, बायको साक्ष देईल.

"हरकत आहे," मी म्हणालो. "त्यातली एक पूर्ण आहे. मजकूर गहाळ नव्हता, अक्कल गहाळ होती, माझी." लोक हसले. मी लेखिकेचं नाव किंवा ती कुठे राहते ते सांगितलं नाही. पण नवऱ्याची वाचा गेली होती, कव्हर मी फाडलं, चिठ्ठी मी लावली, सगळं सांगून टाकलं. मग म्हणालो, पाच मिनिटं द्या, आणि वाचायला लागलो. मागून सुभद्रानं हुंकार दिला. मग आणखी एकीनं दिला. बघता बघता सगळी खोली हूं म्हणायला लागली, परागसुद्धा. "मला माफ केलंत?" इथे मात्र कुणालाच हूं म्हणवेना.

परागनं यादीतून ते नाव काढलं. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "राव, पहिला मी नेणार."

"थांब," मी म्हणालो. "अजून माझं काम राहिलंय."

मंदाताईंना बोलावून घेतलं आणि म्हणालो, "बाई, प्रकाशकानं कापलेली जागा मी परत देतो. पानाच्या मुळाशी बारीक खळ लावून कोरा कागद आत जोडता येतो. ओळीच्या मध्ये नाही घालता येत, पण पान संपतं तिथे येतो. कुठे किती, ते सांगा."

त्या पदर खोचून समोर बसल्या, शाळेत बसायच्या तशा. मी पानं उलटत गेलो, त्या सांगत गेल्या. "इथे एक. त्या दिवशी त्यांना आठवत नव्हतं." "इथे नको, साखरेचं ते लगेच सांगायचे." "इथे दोन पानं घाला राव, इथे ते खूप हसले होते. हसले की बोट हलायचं नाही." सांगता सांगता त्याही हसत होत्या.

माफीचं पान आलं. इथे मोठी जागा लागणार हे धरून मी आधीच चार कागद कापून, कडा घासून तयार ठेवले होते. चांगला जाड, दुधी कागद. मी ते पुढे सरकवले. "एवढे पुरतील का? आणखी कापू?"

बाईंनी कागदांवरून हात फिरवला आणि ते माझ्याकडे परत सरकवले.

"एकही नको," त्या म्हणाल्या. "माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी टक केलं होतं. एकदाच. मलाच ते खरं वाटेना. मी परत परत विचारत राहिले, आणि ते प्रत्येक वेळी टक करत राहिले."

ते चार कागद उरले. त्यांचं मी पुस्तकाला पुढे-मागे अस्तर लावलं. माझी चिठ्ठी जिथे होती तिथे, बाईंनी सांगितल्या तशा, त्यांच्याबद्दलच्या चार ओळी लिहिल्या. बारा वर्षांपूर्वी मी रद्दीत टाकल्या होत्या त्याच.

पुस्तक वाचनालयात आहे, कोऱ्या पानांचं म्हणून मागा. पराग घेऊन गेला, नंतर आणखी चौघांनी नेलं. तुम्ही न्याल तेव्हा मोठ्यानं वाचा, घरातल्या कुणालातरी शेजारी बसवा, आणि कोऱ्या पानांवर थांबा. माफीच्या पानावर तेवढं थांबू नका. तिथलं उत्तर लगेच आलं होतं.